पायडलाची परवानगी

निता रूपसिंग आडे हिचे दोन्ही हात सोयाबीनच्या मळणीत गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. सेनगावपासून दोन कोसांवर त्यांचा तांडा. मळणीचा हडंबा भाड्यानं आणलेला, आणि अंधार पडायच्या आत तीन वावरं उरकायची होती. कुसळं टोचू नयेत म्हणून तिनं भावाचा फुलबाह्यांचा शर्ट घातला होता. ती बाहीच यंत्रानं आधी धरली. उजवा हात कोपरापर्यंत गेला. तो सोडवायला तिनं डावा घातला, तो मनगटापर्यंत गेला.

हडंब्याच्या मालकानं यंत्र बंद केलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "आधी माल बाजूला घ्या. रगत लागलेली सोयाबीन यापारी घ्यायचा न्हाई." आणि निताच्या बापानं, रूपसिंगनं, एका हातानं लेकीला छातीशी धरून दुसऱ्या हातानं सोयाबीनची ताडपत्री ओढली. हे निताला स्पष्ट आठवतं. बाप दुष्ट नव्हता, पण त्या घडीला त्याचा हात ताडपत्रीकडं गेला हे खरं होतं.

दवाखान्यातून परत आल्यावर तांड्यातल्या बाया भेटायला आल्या. एकीनं तिच्यादेखतच तिच्या आईला, अनुसयाबाईला, सांगितलं, "त्यापेक्षा गेली असती तर एकदाच रडली असतीस." अनुसयाबाईनं तिला चहा दिला, कप घेतला आणि परत कधी दारात उभं केलं नाही.

निता शिकली. दहावी-बारावीला लेखनिक मिळाला, ती बोलायची आणि दुसरं कोणी लिहायचं. लेखनिक चुकीचं लिहून राहिला हे तिला दिसायचं, पण सांगता सांगता वेळ जायचा. तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट बसली होती, की आपलं अक्षर आपण काढायचं.

ते जमवलं वासिफनं. मूळचा शिरड शहापूरचा हा माणूस सेनगावात शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर एकाच दुकानात दुरुस्त करायचा. त्यानं दोन जुन्या शिलाई मशीनची पायडलं कापली, एका फळीवर बसवली, खाली सहा खटके जोडले आणि त्याची वायर कॉम्प्युटरला लावली. कोणते खटके कोणत्या क्रमानं दाबले की कोणतं अक्षर उमटतं, ते ठरवणारा छोटा प्रोग्राम त्यानंच लिहिला. निता पायाच्या बोटांनी आणि टाचांनी पायडलं दाबायची. पहिल्या महिन्यात तिच्या पोटऱ्यांना रात्रभर गोळे यायचे. सातव्या महिन्यात ती कोणाही टायपिस्टच्या निम्म्या वेगानं मराठी लिहू लागली, आणि चुका मात्र जवळजवळ नसायच्याच.

पायडल पहिल्यांदा जोडलं तेव्हा ते चाललंच नव्हतं. वासिफनं पडद्यावरची ओळ वाचून दाखवली होती.

"हे बघ बहेन. यंत्राला तुझं पायडल दिसून राहिलं. वायर बराबर हाये. पण तुझ्या नावाला त्याला हात लावायची इजाजत न्हाई."

"म्हंजे?"

"या यंत्रात इनपुट नावाचा एक गट हाये. कीबोर्ड, माऊस, असली सामानं थेट वाचायची मुभा त्या गटातल्या माणसालाच. बाकीचे सगळे माऊस-कीबोर्ड नेहमीच्या वाटेनं चालतात, त्यांना अडचण न्हाई. तुझं पायडल वेगळ्या वाटेनं जातं, म्हणून तुला गटात जावं लागतंय."

त्यानं एक ओळ लिहिली. आडवी रेघ, ए, निताचं नाव, गटाचं नाव. मग बाहेर पडून पुन्हा आत यायला लावलं, आणि पायडलाखाली 'क' उमटला. "ए म्हंजे आत घे," वासिफ म्हणाला. "ए ऐवजी डी लिहिलं की बाहेर काढ. एवढंच." निता एकदा ऐकलेलं विसरत नसे.

त्या बळावर तिला नोकरी लागली. बसस्टँडामागं, खताच्या दुकानाच्या माडीवर, एका खाजगी ठेकेदाराचं नोंदणी केंद्र उघडलं होतं. गावोगावच्या शाळांतल्या जुन्या प्रवेश-निर्गम वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. केंद्राचे प्रमुख विकास सर. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी निताला मधोमध बसवलं, पाहुण्यांना तिचे पाय दाखवले, फोटो काढले. नंतर मात्र तिचं टेबल संडासाच्या दाराशी सरकलं. "पाय वापरते म्हणल्यावर लोकांना कसंतरी वाटतं," ते म्हणाले.

केंद्रात दुसरी टायपिस्ट होती शीतल. वय एकतीस, नवरा मेलेला, पदरी सात वर्षांची मुलगी. जी काही आपुलकी त्या माडीवर निताला मिळाली ती तिच्याकडून. दुपारी शीतल दोघींचे डबे उघडायची, आधी निताला भरवायची, मग स्वतः जेवायची. निताच्या तोंडाला लागलेली भाजी पदरानं पुसायची. पाळीच्या दिवसांत तिला आत घेऊन जायची. "तू माझी धाकटी हायेस," म्हणायची. निता तिला शीतलताई म्हणायची. आईखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातचा घास तिनं आयुष्यात खाल्ला नव्हता.

पहिल्या दिवशी इथंही पायडल अडलं. निताला तर पायडल चालू झाल्याशिवाय काही लिहिता येत नव्हतं. मग विकास सरांनी शीतलच्या नावाला यंत्रातले सगळे अधिकार देऊन टाकले आणि सांगितलं, "तिचं तू बघत जा." निता शेजारी उभी राहून अक्षर अक्षर सांगत गेली, शीतल टाइप करत गेली. ए म्हणजे आत घे, हेही सांगितलं. "आन् बाहेर काढायचं असलं तर?" शीतलनं हसत विचारलं होतं. "डी," निता म्हणाली होती.

दोन महिने सुरळीत गेले. रोज संध्याकाळी कोणी किती नोंदी केल्या ते फळ्यावर लागायचं. जुनं मोडकं अक्षर वाचण्यात निताचा हातखंडा होता. शीतल एकेका नावाशी अडखळायची. वेग कमी असूनही निताचा आकडा शीतलच्या आकड्याला येऊन भिडला, आणि एका शनिवारी पुढं गेला.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी पायडल चाललं नाही. निता दहाच्या बसनं यायची. शीतलनं तिचं यंत्र चालू करून दिलं, प्रोग्राम उघडला, आणि तीच जुनी ओळ आली: परवानगी नाही.

"काहून गं असं?" शीतल म्हणाली. "थांब, मी करते." तिनं आधी वायर काढून लावली, मग यंत्र बंद करून चालू केलं, मग दुसऱ्या भोकात लावून पाहिली. निता म्हणाली, "ताई, गटात नाव हाये का ते बघ." नाव नव्हतं. शीतलनं ओळ लिहिली, पुन्हा आत-बाहेर केलं, पायडल चालू झालं. या सगळ्यात पाऊण तास गेला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. ओळ ठाऊक असूनही शीतल आधी वायर-भोकं चाचपायची, मधेच आपल्या टेबलाशी जायची; रोज पाऊण तास, कधी तास. यंत्र स्वतःहून नवीन काहीतरी उतरवून घेतं आणि जुनं पुसतं, अशी निताची समजूत झाली. तिनं वासिफला फोन लावून घेतला. तो म्हणाला, "गटातलं नाव आपोआप जात न्हाई बहेन. कधीच न्हाई. वेळ मिळाला की येतो." पण शिलाईच्या हंगामाचे दिवस होते, त्याला वेळ मिळाला नाही. फळ्यावर निताचा आकडा घसरत गेला. विकास सर जाता-येता म्हणायचे, "पायडल थकलं का पाय?" आणि शीतल तिच्या बाजूनं भांडायची, "सर, तिचा काय दोष? मशीनच तसं हाये." दुपारी ती निताला एक घास जास्तच भरवायची.

असे तीन आठवडे गेले.

मग एके दिवशी शीतलची मुलगी तापानं फणफणली आणि शीतल आली नाही. उद्या येणार नाही असं ती आदल्या संध्याकाळीच सांगून गेली होती. सकाळी पायडल बंदच होतं. आता ओळ कोण लिहिणार? विकास सर कुरकुरत निताच्या खुर्चीत बसले. तिनं सांगितलेली ओळ लिहिली. मग निता म्हणाली, "सर, एक करा. यंत्रात कोणी काय केलं त्याची नोंद राहते. ती उघडा. कशानं नाव जाऊन राहिलं ते कळंल, म्हंजे रोजची कटकट मिटंल."

त्यांनी उघडली. एक ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि खुर्चीत मागं रेलून हसायला लागले.

"वाचू का मोठ्यानं?"

"वाचा की."

"सोमवार, नऊ वाजून एकेचाळीस मिनिटं. शीतल. निताला गटातून काढलं. मंगळवार, नऊ अडतीस. शीतल. काढलं. बुधवार, नऊ चाळीस. शीतल." ते बोट सरकवत गेले. "काल सहा वाजून दहा मिनिटं. शीतल. आज येणार नव्हती ना, म्हणून कालच करून गेली. लई शिस्तीची बाई."

निता पडद्याकडं बघत राहिली. ओळी सगळ्या सारख्याच होत्या, फक्त तारखा वेगळ्या. प्रत्येकीत तो डी होता.

"सर, तुमी तिला बोला," ती म्हणाली.

"मी काहून बोलू? ठेका पुढच्या महिन्यापासून एकाच टायपिस्टचा हाये. येत्या गुरुवारी हिंगोलीहून साहेब येऊन दोघींची परीक्षा घेणार. तिला ते माहीत हाये, तुला सांगायचं राहून गेलं. आता तुमचं तुमी बघा." ते उठले. जाता जाता त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी निताच्या नावालाही दोन्ही यंत्रांतले सगळे अधिकार देऊन टाकले. "रोज मला तकलीफ नको. घे, आता दोघींच्या हातात किल्ली." मग तिच्या मनगटाकडं बघून म्हणाले, "हात म्हणलो व्हय मी?" आणि आपल्याच विनोदावर खूश होत खाली गेले.

त्या दुपारी निता जेवली नाही. डबा तसाच परत नेला. अनुसयाबाईनं विचारलं तर म्हणाली, "भूक न्हवती."

दुसऱ्या दिवशी शीतल आली. नोंद पाहिली होती हे निताला बोलून टाकता आलं असतं. पण ती बोलली नाही. गुरुवारपर्यंत रोज सकाळी परवानगी गेलेली असायची, शीतल वायर काढून लावायची, चुकचुकायची, शेवटी ए लिहायची. निता शेजारी उभी राहून तिच्या बोटांकडं बघायची. दुपारी शीतल घास पुढं करायची आणि निता तोंड उघडायची. त्या घासांत तिला काही चव लागत नव्हती. ती फक्त शीतलचा चेहरा बघायची. त्यावर चोरटेपणा कुठं दिसतो का ते शोधायची. दिसत नव्हता. शीतल खरंच मायेनं भरवत होती, आणि हेच निताला सोसत नव्हतं.

बुधवारी चारला शीतल मुलीला शाळेतून आणायला गेली. विकास सर फोनवर होते. निता आपल्या टेबलाशी बसली. केंद्रातली यंत्रंही वासिफनंच बसवली होती; एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रात शिरायची वाट त्यानं सुरुवातीलाच करून ठेवली होती, दुरुस्तीला सोपं पडावं म्हणून. यंत्राला नियम कसा लिहून द्यायचा, हेही निता त्याचं बघून शिकली होती. आधी तिनं स्वतःच्या यंत्रात एक नियम लिहिला: हे पायडल जोडलं की ते सगळ्यांना खुलं, गट असो वा नसो. आता शीतलनं कितीही डी लिहिले तरी फरक पडणार नव्हता. एवढ्यावर ती थांबली असती तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

ती शीतलच्या यंत्रात शिरली. तिथं उलटा नियम लिहिला: कोणताही कीबोर्ड जोडला तरी त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही. यंत्र पुढच्या वेळी चालू होईल तेव्हा तो लागू होणार होता. दोन ओळी लिहायला तिला बावीस मिनिटं लागली. एक अक्षर तीनदा चुकलं. तिनं ते तीनदा दुरुस्त केलं.

गुरुवारी निता दहाच्या बसनं पोचली तेव्हा शीतलनं आपलं यंत्र चालूही केलं नव्हतं, आणि हिंगोलीचे साहेब येऊन बसले होते. घाईत होते. दोघींपुढं एकेक जुनी वही ठेवली, हातात घड्याळ धरलं. "अर्धा तास. जिच्या बिनचूक नोंदी जास्त, तिचं नाव जाईल."

निताचं पायडल पहिल्या दाबाला चाललं. शीतलनं चमकून तिच्याकडं पाहिलं. मग तिनं आपलं यंत्र चालू केलं आणि कीबोर्डवर बोटं ठेवली.

काही उमटलं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. वायर काढून लावली. दुसऱ्या भोकात लावली. यंत्र बंद करून चालू केलं. नाव आणि पासवर्ड टाकायच्या चौकटीत रेघ लुकलुकत होती, आणि तिच्यात एक अक्षर जात नव्हतं. विकास सरांनी आपल्या टेबलावरचा कीबोर्ड आणून लावला. तोही मुका. या यंत्राबद्दल शीतलला एकच ओळ ठाऊक होती, निताकडून शिकलेली, आणि ती लिहायलाही कीबोर्डच लागत होता.

"साहेब, मशीन बिघडलं हो. थोडा वेळ द्या."

"मशीन सांभाळणं हेही कामच आहे बाई," साहेब घड्याळावरून नजर न काढता म्हणाले.

शीतल निताच्या टेबलाशी आली. "निता, बघ गं. तुला कळतं यातलं. एक मिनिट ये, काय लिहायचं ते सांग. माझ्या लेकराची शप्पथ."

निताचे पाय थांबले नाहीत. तिनं मानही वळवली नाही.

"ताई, मी काय करू? मला हात हायेत का?"

विकास सर खुदकन हसले. शीतल उभी राहिली, मग आपल्या खुर्चीत जाऊन बसली, आणि उरलेली सतरा मिनिटं त्या मुक्या कीबोर्डवर तीच तीच नावं दाबत राहिली. निताच्या चोवीस नोंदी झाल्या, सगळ्या बिनचूक.

शीतलला त्या महिनाअखेरीस घरी बसवलं. जाताना तिनं निताचा डबा धुऊन टेबलावर ठेवला होता.

शीतल गेल्यावर चार दिवसांनी तिचं यंत्र बघायला वासिफला बोलावलं. त्यानं दुसरीकडून शिरून पाहिलं, नियमाची फाईल उघडली, वर तारीख, वेळ आणि लिहिणाऱ्याचं नाव पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"हे तू लिहिलं, बहेन?"

"व्हय." मग तिनं त्याला ते तीन आठवडे सांगितले, एकही तारीख न गाळता.

वासिफनं सगळं ऐकलं. ओळ पुसली, यंत्र चालू केलं, कीबोर्ड वाजवून पाहिला. पिशवी खांद्याला लावताना म्हणाला, "तिनं वाईटच केलं. पण ती तुझं परत चालू करून तरी द्यायची."

वासिफ त्यानंतरही पायडल दुरुस्त करून देई, खटका झिजला की बदलून देई. पण बहेन म्हणायचा बंद झाला.

दुपारी तिला भरवायला आता कोणी नव्हतं. झाडलोट करणाऱ्या रुख्मिणीबाईला विचारलं तर ती म्हणाली, "मला सरांनी त्याचे पैसे दिलेत का?" मग निता सकाळी घरून जेवून निघायची ते थेट संध्याकाळी जेवायची. फळ्यावर तिचं एकटीचं नाव असायचं. विकास सरांनी शीतलच्या वाट्याच्या वह्याही तिच्याच टेबलावर आणून रचल्या.

दिवाळीनंतर एका रविवारी शीतल मुलीला घेऊन तांड्यावर आली. जीपमधून उतरून विचारत विचारत घरापर्यंत पोचली. ती आता जिनिंगवर कापूस निवडायला जात होती. केसांत, पापण्यांत बारीक तंतू अडकलेले. अनुसयाबाईनं तिला ओळखलं नव्हतं, पण नाव ऐकताच उठली. "तूच का माझ्या लेकीला भरवायचीस? ये माय, बस." तिनं मुलीला गूळ-शेंगदाणे दिले आणि चूल पेटवायला आत गेली.

शीतल निताच्या समोर जमिनीवर बसली. बराच वेळ चटईची काडी खुडत राहिली.

"निता, एक सांगायला आले. तुझं पायडल बंद पडायचं ना रोज... ते मीच करायची." ती रडायला लागली. "माझी एकटीची जागा राहावी म्हणून. तुला भरवताना मला दर घासाला वाटायचं की आता सांगावं. न्हाई सांगितलं. आन् बघ, देवानं बराबर परीक्षेच्याच दिवशी माझं मशीन मारलं. दुसऱ्या कोणाला न्हाई सांगितलं, पण मला कळलं ते का झालं. मला माफ कर. त्याशिवाय मला झोप येत न्हाई."

तिनं वाकून निताच्या पायांवर दोन्ही हात ठेवले. कापूस निवडून बोटांची टोकं चिरली होती, ती निताला पावलांवर खरखरीत लागली.

सांगायचं असतं तर ती वेळ होती. निताच्या ओठांपर्यंत आलंही. पण शीतल इतक्या विश्वासानं रडत होती, आणि इतकी खाली वाकली होती, की निताला त्यात एक गोडी वाटली. लहानपणापासून कोणी तिच्यापुढं असं वाकलं नव्हतं. ती गोडी तिला सोडवेना.

"जाऊ दे ताई," ती म्हणाली. "मी कधीच माफ केलं."

शीतलनं तिचे पाय कपाळाला लावले. चहा पिऊन, डोळे पुसून, ती हलकी होऊन निघाली. मुलगी रस्त्यापर्यंत मागं वळून हात हलवत होती. अनुसयाबाई दारात उभी राहून म्हणाली, "किती गुणाची बाई गं. दर रविवारी येत जा म्हणलं मी तिला."

"काहून म्हणलंस?" निता एकदम ओरडली.

आई चकित होऊन तिच्याकडं बघायला लागली. निता आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. पुढच्या रविवारी शीतल पुन्हा आली, सोबत डब्यात भाजी घेऊन. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. तिनं येणं अजून थांबवलेलं नाही.